इमारत ते इमारत मायक्रोवेव्ह लिंक: आधी मार्ग, मग पट्टा, खरेदी शेवटी

हडपसरमधील कार्यालय आणि उरुळी देवाची येथील गोदाम केबल न टाकता जोडायचे ठरले की बहुतेक जण सर्वप्रथम उपकरणांची जोडी विकत घेतात. खोक्यावर ‘१५ किलोमीटरपर्यंत’ असे छापलेले असते, आपले अंतर जेमतेम सहा किलोमीटर असते, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरत नाही. दोन्ही गच्च्यांवर यंत्रे चढतात, मे महिन्यात लिंक जुळते आणि पावसाळा लागला की गोदामातून फोन येऊ लागतात. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी मार्ग पाहायचा, मार्गावरून वारंवारतेचा पट्टा ठरवायचा, पट्ट्यावरून अँटेना आणि रेडिओ निवडायचे आणि पैसे सर्वांत शेवटी मोजायचे, असा खरा क्रम आहे. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले असून उदाहरण म्हणून हडपसर ते उरुळी देवाची अशी सहा किलोमीटर हवाई अंतराची लिंक धरली आहे.

## पूर्वतयारी

दोन्ही गच्च्यांचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर किमान पाच अंकांपर्यंत नोंदवून घ्यावेत. ते गच्चीच्या ज्या कोपऱ्यावर खांब उभा राहणार आहे, तिथे उभे राहून घ्यावेत; इमारतीच्या फाटकावर घेतलेले आकडे उपयोगाचे नाहीत. बरोबर दुर्बीण, होकायंत्र, मोजपट्टी, स्पिरिट लेव्हल आणि एक वही असावी. प्रत्येक टोकाला दोन माणसे हवीत, कारण एकाने खांबाशी काम करताना दुसऱ्याने आकडे वाचून फोनवर सांगायचे असतात. गच्ची गृहनिर्माण संस्थेची असेल, तर समितीची लेखी संमती पाहणीच्या आधीच घ्यावी. सगळा हिशेब होऊन खांब उभा राहिल्यावर ‘टाकीजवळ काही लावायचे नाही’ असे कळले, तर मार्गाची पाहणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

## पहिला टप्पा: पट्ट्याचे अक्षर नको, आकडा लिहा

मायक्रोवेव्ह म्हणजे ढोबळमानाने १ गिगाहर्ट्झच्या पुढच्या, ३० सेंटिमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या रेडिओलहरी. अभियांत्रिकीत त्यांना अक्षरी नावे आहेत: एल (१ ते २ गिगाहर्ट्झ), एस (२ ते ४), सी (४ ते ८), एक्स (८ ते १२), केयू (१२ ते १८), के (१८ ते २७), केए (२७ ते ४०), व्ही (४० ते ७५) आणि डब्ल्यू (७५ ते ११०). गोंधळ होतो तो ही अक्षरे प्रत्येक धंद्यात वेगळ्या अर्थाने वापरली जातात म्हणून. मोबाइलवाले ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या फाइव्ह-जी पट्ट्यालाही ‘सी बँड’ म्हणतात, केबल टीव्हीवाल्यांचा सी बँड ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झचा असतो आणि वरच्या यादीप्रमाणे पहिला सी मध्ये बसतच नाही, दुसराही अर्धवटच बसतो. डीटीएचचा ‘केयू’ १०.७ गिगाहर्ट्झपासूनच सुरू होतो. लिंकच्या बाजारात ‘व्ही बँड’ म्हटले की ६० गिगाहर्ट्झच्या आसपासचा भाग समजायचा आणि ‘ई बँड’ म्हटले की ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झची जोडी.

म्हणून कोटेशन, परवानगीचा अर्ज आणि आपली वही, या सर्व ठिकाणी पट्टा मेगाहर्ट्झच्या आकड्यांतच लिहावा. पुरवठादाराने नुसते अक्षर लिहून पाठवले असेल, तर कागद परत करावा.

## दुसरा टप्पा: मार्गाची पाहणी

सगळ्या कामात सर्वाधिक वेळ इथे द्यायचा आहे. समोरची गच्ची दुर्बिणीतून दिसली म्हणजे मार्ग मोकळा आहे, ही सर्वांत सार्वत्रिक चूक. डोळ्याला दिसणारी रेषा सुतासारखी बारीक असते. रेडिओलहर मात्र दोन अँटेनांच्या मध्ये लांबट, मध्यभागी फुगीर अशा पोकळीतून प्रवास करते. या पोकळीला फ्रेनेल झोन म्हणतात. तिचा आतील ६० टक्के भाग मोकळा नसेल, तर समोरची इमारत स्पष्ट दिसत असूनही संकेत कमकुवत येतो.

मार्गाच्या मध्यावर या पोकळीची त्रिज्या काढणे सोपे आहे. किलोमीटरमधील अंतराला गिगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ८.६६ ने गुणावे. उत्तर मीटरमध्ये येते. आपल्या लिंकसाठी ६ ला ५.८ ने भागून हिशेब केला की त्रिज्या ८.८ मीटर येते आणि तिचे ६० टक्के म्हणजे ५.३ मीटर. त्यात पृथ्वीच्या वक्रतेमुळे मध्यावर येणारा फुगवटा मिळवावा, तो सहा किलोमीटरसाठी अर्धा मीटर भरतो. झाडांच्या वाढीसाठी तीन मीटर राखून ठेवले, तर दोन अँटेनांना जोडणारी रेषा मध्यावरच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वरून किमान नऊ मीटर गेली पाहिजे. अंतर २० किलोमीटर असते, तर ६० टक्के त्रिज्याच ९.६ मीटर आणि फुगवटा ५.९ मीटर झाला असता. लांबच्या लिंकला खांबाची उंची झपाट्याने का वाढवावी लागते, ते यावरून कळेल.

टोकांजवळ ही पोकळी अरुंद होते, पण संपत नाही. अँटेनापासून २० मीटरवर तिची त्रिज्या साधारण एक मीटर असते. याचा अर्थ आपल्याच गच्चीवरची पाण्याची टाकी, सोलर हीटर किंवा जिन्यावरची खोली रेषेच्या अर्ध्या मीटरवर आली, तरी नुकसान होते. मैलभर दूरचे झाड दुर्बिणीतून शोधणारे लोक दहा पावलांवरची टाकी विसरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पाहणी पुढील क्रमाने करावी.

१. नकाशावर दोन्ही बिंदू जोडून जमिनीच्या चढउताराचा छेद काढावा. या छेदात इमारती आणि झाडे धरलेली असतीलच असे नाही. तो फक्त जमिनीचा मानावा.

२. छेदात जिथे जमीन उंच आहे, तिथे प्रत्यक्ष जावे. आपल्या उदाहरणात फुरसुंगी आणि भेकराईनगरचा पट्टा मधे येतो. तिथे सध्या असलेल्या इमारतींपेक्षा पायाच्या खड्ड्यांकडे आणि उभ्या क्रेनकडे अधिक लक्ष द्यावे. आज चार मजले झालेली इमारत बारा मजल्यांची होणार असेल, तर आजची मोकळी रेषा दोन वर्षे टिकणार नाही.

३. ऊन असताना एका गच्चीवरून हातातल्या आरशाने सूर्याची तिरीप समोरच्या दिशेने फिरवावी. सहा किलोमीटरवरून ती दुर्बिणीत लख्ख दिसते आणि नेमकी गच्ची ओळखता येते. तिरीप रस्त्यावरील वाहनांकडे किंवा विमानांच्या मार्गाकडे जाऊ देऊ नये. हडपसरपासून लोहगाव फार दूर नाही.

४. रेषेखाली मोठा जलाशय किंवा पत्र्याच्या शेडची सलग छपरे आहेत का, ते नोंदवावे. अशा सपाट पृष्ठभागांवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीला छेद देते. खडकवासल्याच्या पाण्यावरून जाणारी लिंक सकाळी एक आकडा दाखवते आणि दुपारी दुसरा, ती यामुळेच. एका टोकाची अँटेना मीटर-दीड मीटर वरखाली करून पाहिली, तर पुष्कळदा फरक पडतो.

इशारा: पाहणी कोणत्या महिन्यात केली, हे वहीत लिहून ठेवावे. वारज्याकडच्या एका लिंकची पाहणी आम्ही मार्चमध्ये केली होती. टेकडीवरचे गिरिपुष्प तेव्हा निष्पर्ण होते, फांद्यांच्या आरपार समोरची इमारत दिसत होती आणि लिंकही उत्तम लागली. जुलैमध्ये त्याच फांद्यांवर ओली, दाट पाने आली आणि संकेत जवळजवळ नाहीसा झाला. पान पाणी धरते आणि पाणी या वारंवारता शोषून घेते, त्यामुळे फांदीतून दिसणारा प्रकाश हिशेबात धरायचा नसतो. झाडाचा बाह्य घेर हीच भिंत समजावी. त्या वेळी दोष माझा होता. खांब चार मीटर उंच करून तो निस्तरावा लागला.

## तिसरा टप्पा: पट्टा ठरवणे

मार्ग मोकळा असल्याची खात्री झाल्यावरच पट्ट्याचा विचार करावा. वारंवारता वाढते तशी दोन गोष्टी हाती लागतात: त्याच आकाराच्या डिशमधून अधिक अरुंद किरण मिळतो आणि माहिती वाहून नेण्यासाठी जास्त रुंदीचा पट्टा उपलब्ध होतो. त्या बदल्यात पाऊस, पाने आणि किंचितसा हललेला खांब यांचा त्रास वाढतो.

२.४ गिगाहर्ट्झ (२४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ) शहरात लिंकसाठी वापरू नये. एकमेकांवर न येणारी तीनच चॅनेल मिळतात आणि प्रत्येक घरातला वायफाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच भागात बोलत असतो.

५ गिगाहर्ट्झ हा आपल्या उदाहरणासाठी योग्य पट्टा आहे. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनुसार ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे भाग ठरलेल्या शक्तिमर्यादेत परवान्याविना वापरता येतात. मात्र परवान्याविना म्हणजे संरक्षणाविना, हे नीट समजून घ्यावे. शेजाऱ्याच्या यंत्रामुळे आपल्याला व्यत्यय आला, तर तक्रार करण्याचा हक्क नाही, आणि आपल्यामुळे परवानाधारकाला व्यत्यय आला, तर आपणच बाजूला व्हायचे असते. मधल्या भागांत, विशेषतः ५६०० ते ५६५० च्या आसपास, हवामान रडारही काम करतात. त्यासाठी बहुतेक उपकरणांत डीएफएस नावाची सोय असते: चॅनेल वापरण्यापूर्वी यंत्र किमान मिनिटभर कान देऊन ऐकते आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून देते. लिंक दिवसातून एखाद-दोनदा मिनिटभर गुल होत असेल, तर केबल बदलण्याआधी यंत्राच्या नोंदीत डीएफएसचा उल्लेख शोधावा. शक्य असेल तिथे लिंक ५७२५ च्या वर ठेवावी.

६ ते २१ गिगाहर्ट्झ मधील ६, ७, १३, १५, १८ आणि २१ हे पट्टे मोबाइल कंपन्यांच्या मनोऱ्यांना जोडणाऱ्या परवानाधारी लिंकचे आहेत. लांब पल्ल्यासाठी ६ आणि ७, शहरातील छोट्या पल्ल्यांसाठी १५ ते २१, अशी साधारण वाटणी असते. चॅनेल दूरसंचार विभागाकडून नेमून मिळते आणि जागेची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. एका गोदामासाठी हा खटाटोप परवडत नाही.

६० आणि ८० गिगाहर्ट्झ ची यंत्रे आटोपशीर आणि अतिशय वेगवान असतात, पण ६० गिगाहर्ट्झला हवेतला प्राणवायूच किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल खातो (दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते). पाचशे मीटरच्या आत ती शोभतात, सहा किलोमीटरला नाही. परदेशात मोकळा असलेला ६० गिगाहर्ट्झचा पट्टा इथेही मोकळाच असेल असे गृहीत धरून कोणी सुटकेसमधून यंत्र आणू नये. डब्ल्यूपीसी या दूरसंचार विभागाच्या वारंवारता पाहणाऱ्या शाखेच्या नियमांची खात्री आधी करावी.

आता पावसाविषयी. पुण्याचा पाऊस मुंबईच्या तुलनेत कमी, म्हणून लिंकलाही त्रास कमी, हा युक्तिवाद मी वारंवार ऐकतो आणि तो चुकीचा आहे. लिंकला वर्षभराच्या एकूण पावसाशी देणेघेणे नसते, त्या क्षणी तो कोणत्या दराने कोसळतो आहे याच्याशी असते. जुलैमधली दिवसभराची रिपरिप १८ गिगाहर्ट्झच्या लिंकलाही फारशी जाणवत नाही. मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस वीस मिनिटांत तिला झोपवतो. ताशी १०० मिलिमीटर दराने पाऊस पडत असताना किलोमीटरमागे होणारी घट ६ गिगाहर्ट्झला जेमतेम एक डेसिबल, १८ गिगाहर्ट्झला ८ ते १० डेसिबल आणि ८० गिगाहर्ट्झला सुमारे ३० डेसिबल असते. पडणारा थेंब आडवा चपटा होतो, त्यामुळे आडव्या ध्रुवणाची, म्हणजे आडव्या दिशेत कंप पावणारी लहर उभ्या ध्रुवणापेक्षा जास्त झिजते; १० गिगाहर्ट्झच्या वर एकच ध्रुवण वापरायचे असेल, तर उभे निवडावे.

तपासणी: पट्टा ठरल्यावर दोन्ही गच्च्यांवरून स्पेक्ट्रम तपासावा, आणि तो संध्याकाळी आठ ते अकराच्या दरम्यान तपासावा. व्यत्यय हा ऐकणाऱ्या टोकाला होतो, त्यामुळे फक्त हडपसरहून पाहून उपयोग नाही. तिथे शांत दिसणारे चॅनेल उरुळीच्या गच्चीवर गजबजलेले असू शकते. रविवारी सकाळी केलेली तपासणी तर हमखास फसवते.

## चौथा टप्पा: शक्तीचा जमाखर्च

हा हिशेब कागदावर केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण डिश जुळवताना बरोबर काय आणि चूक काय, हे सांगणारा एकमेव आकडा इथून मिळतो.

मोकळ्या अवकाशातील घट काढण्यासाठी ९२.४५ मध्ये अंतराच्या लॉगची वीसपट आणि वारंवारतेच्या लॉगची वीसपट मिळवावी. सहा किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झसाठी ९२.४५ अधिक १५.५६ अधिक १५.२७, म्हणजे १२३.३ डेसिबल घट येते. पाठवणाऱ्या टोकाला रेडिओची शक्ती आणि अँटेनाचा गेन (एका दिशेला संकेत एकवटण्याची क्षमता, ती डीबीआयमध्ये मोजतात) मिळून होणारी एकूण प्रभावी शक्ती, म्हणजे ईआयआरपी, ५७२५ च्या वरच्या भागात ३६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल, म्हणजे चार वॅट) या मर्यादेत धरावी. खालच्या ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ या भागांत मर्यादा आणखी कमी आहे.

दोन पर्याय तोलून पाहू. २३ डीबीआयचे पॅनेल लावले, तर रेडिओची शक्ती १३ डीबीएमवर ठेवावी लागेल आणि पलीकडच्या पॅनेलवर ३६ वजा १२३.३ अधिक २३ वजा जोडण्यांचा एक डेसिबल, म्हणजे उणे ६५.३ डीबीएम संकेत मिळेल. त्याऐवजी दोन्हीकडे ६० सेंटिमीटरची, २८ डीबीआयची डिश लावली, तर रेडिओ ८ डीबीएमवर उतरवावा लागेल, पण मिळणारा संकेत उणे ६०.३ होईल. म्हणजे शक्ती कमी करूनही संकेत पाच डेसिबलने वाढला, कारण मर्यादा फक्त पाठवण्यावर आहे, ऐकण्यावर नाही. शिवाय मोठ्या डिशचा किरण सुमारे सहा अंशांचा असल्याने बाजूचा गोंगाट कमी ऐकू येतो.

इशारा: मोठी डिश लावून रेडिओही पूर्ण शक्तीवर सोडणे नियमबाह्य आहे आणि त्यातून फायदाही होत नाही. शेजारी तेच करतो, मग आपण आणखी वाढवतो, आणि अखेरीस अख्ख्या परिसरात कोणाचेच धड चालत नाही.

यंत्राच्या माहितीपत्रात प्रत्येक वेगासाठी किमान किती संकेत लागतो, त्याचा तक्ता असतो. हव्या त्या वेगासाठी उणे ७५ लागत असेल आणि आपल्याला उणे ६० मिळत असेल, तर १५ डेसिबलची राखीव आहे. दहापेक्षा कमी राखीव उरत असेल, तर वेगाचा हट्ट सोडावा किंवा चॅनेलची रुंदी घटवावी. रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली की गोंगाट तीन डेसिबलने उतरतो.

## पाचवा टप्पा: कागदपत्रे आणि खरेदी

उपकरणाला भारतातील ईटीए मान्यता (बिनतारी उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी सरकारी मंजुरी) असल्याचा पुरावा विक्रेत्याकडून मागून घ्यावा. लोहगाव विमानतळाच्या परिसरात किंवा लष्करी हद्दीलगत उंच खांब उभारायचा असेल, तर उंचीची परवानगी स्वतंत्र लागते. लिंक स्वतःच्या वापरापुरती ठेवावी. तिच्यावरून शेजारच्यांना इंटरनेट विकणे हा दूरसंचार परवान्याचा विषय होतो.

जुन्नर-नारायणगावच्या बाजूला काम असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना साधारण दीड गिगाहर्ट्झच्या खालच्या अतिक्षीण लहरी ऐकतात. आपली ५.८ गिगाहर्ट्झची लहर त्या भागात येत नाही, पण हलक्या प्रतीच्या वीजपुरवठा अडॅप्टरचा गोंगाट नेमका तिथेच पडतो.

## सहावा टप्पा: गच्चीवर नेण्याआधी टेबलावर जोडणी

दोन्ही रेडिओ प्रथम एकाच खोलीत जोडून घ्यावेत. शक्ती किमान ठेवावी आणि त्यांची तोंडे समोरासमोर करू नयेत. जवळून आलेल्या जोरदार संकेताने ऐकणारा भाग बधिर होतो आणि आकडे भलतेच दिसतात. दोन्हीकडे एकच फर्मवेअर घालावे, देश म्हणून भारत निवडावा, पासवर्ड बदलावा आणि आयपी पत्ते ठरवून यंत्रावर चिकटपट्टीने लिहावेत. जास्त शक्ती मिळते म्हणून देश बदलून ठेवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नये.

अंतराची नोंद हाताने भरावी लागत असेल, तर सहा किलोमीटरपेक्षा थोडी जास्त, सात भरावी. लहरीला जायला २० आणि पोच परत यायला २० मायक्रोसेकंद लागतात. यंत्राला तेवढे थांबायला सांगितले नाही, तर पोच येण्याआधीच ते तोच मजकूर पुन्हा पाठवते. अशा वेळी संकेत उत्तम दिसतो, पण वेग मिळत नाही.

तपासणी: पीओईचा, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच यंत्राला मिळणाऱ्या विजेचा, व्होल्टेज जुळतो का, ते पाहावे. २४ व्होल्टच्या यंत्राला ४८ व्होल्टचा थेट पुरवठा जोडला की ते गच्चीवर पोहोचण्याआधीच जळते. जोडी रात्रभर चालू ठेवावी आणि सकाळी एकदाही तुटली नसेल, तरच वर न्यावी.

## सातवा टप्पा: खांब आणि केबल

खांब ओळंब्यात असावा. तो तिरका असेल, तर डिश आडवी फिरवताना तिचा कल आपोआप बदलत जातो आणि जुळणी कधीच स्थिरावत नाही. केबल बाहेरच्या वापराची, उन्हाला टिकणारी, शील्ड असलेली घ्यावी आणि यंत्रापासून स्विचपर्यंत १०० मीटरच्या आत ठेवावी. यंत्रात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळावरून टपकून जाते, जोडणीत शिरत नाही. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावून ते स्वतंत्र अर्थिंगला जोडावेत. अँटेना इमारतीच्या तडितवाहकाच्या टोकापेक्षा खाली राहिली पाहिजे.

इशारा: वर चढण्यापूर्वी आग्या मोहोळ आहे का, ते खालूनच पाहून घ्यावे; उंच टाक्यांच्या बगलेत ते हमखास असते. ढग गडगडत असतील, तर त्या दिवशी काम बंद ठेवावे.

## आठवा टप्पा: डिश जुळवणे

होकायंत्राने सुरुवातीची दिशा घ्यावी. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्तीची गरज पडत नाही. मात्र लोखंडी खांबाला टेकून वाचलेले होकायंत्र वीस अंशांनी सहज चुकते. खांबापासून चार-पाच पावले दूर उभे राहून दिशा घ्यावी आणि क्षितिजावरची एखादी खूण पक्की करावी.

१. दोन्ही डिश अंदाजे समोरासमोर करून नट हलके आवळावेत.

२. एका वेळी एकच टोक हलवावे. हडपसरचा माणूस डिश फिरवत असेल, तेव्हा उरुळीच्या माणसाने हात खिशात ठेवावेत. दोघांनी एकाच वेळी हलवले, तर आकडा कोणामुळे बदलला ते कळत नाही आणि दुपार वाया जाते.

३. आडव्या दिशेत एकेक अंश फिरवून, दर खेपेस पाच सेकंद थांबून आकडा वाचावा आणि लिहावा. सर्वोच्च आकडा सापडल्यावर तिथेच थांबू नये. पुढे जाऊन तो उतरतो, पुन्हा किंचित चढतो आणि परत उतरतो, असे दोन्ही बाजूंना दिसेपर्यंत फिरवावे. मधले मोठे शिखर हा मुख्य किरण आणि बाजूची ठेंगणी शिखरे हे उपकिरण.

४. मग उभ्या दिशेत तेच करावे. त्यानंतर दुसऱ्या टोकाला, आणि पुन्हा पहिल्या टोकाला.

५. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकच नट एकदम आवळला की डिश अर्धा अंश सरकते. प्रत्येक फेरीनंतर आकडा वाचावा.

तपासणी: चौथ्या टप्प्यात आपला आकडा उणे ६० आला होता. प्रत्यक्षात उणे ६० ते ६३ मिळत असेल, तर काम बरोबर झाले. उणे ७५ ते ८० मिळत असेल आणि लिंक चालत असेल, तर डिश उपकिरणावर जुळली आहे, किंवा मार्ग मोकळा नाही. ‘लिंक लागली ना, मग झाले’ म्हणून इथे खाली उतरणारे लोक पहिल्या वळवात पुन्हा वर चढतात. उभ्या आणि आडव्या ध्रुवणाच्या दोन साखळ्यांतील, म्हणजे रेडिओच्या दोन वेगळ्या वाटांनी येणाऱ्या संकेतांतील, फरकही पाहावा. तो तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त असेल, तर डिशचा पीळ, जोडणीतले पाणी किंवा मार्गातली फांदी यांपैकी काहीतरी शोधायचे बाकी आहे.

## नववा टप्पा: चाचणी आणि नोंद

वेग मोजताना इंटरनेटवरची स्पीड टेस्ट लावू नये, कारण ती लिंकबरोबर सेवापुरवठादारालाही मोजते. दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून आयपर्फसारख्या साधनाने दोन्ही दिशांना स्वतंत्र चाचणी घ्यावी, आणि ती रात्री नऊच्या सुमारास पुन्हा घ्यावी. एका दिशेला वेग निम्मा मिळत असेल, तर ज्या टोकाला मजकूर पोहोचतो आहे तिथे व्यत्यय आहे. चॅनेल बदलताना त्या टोकाचा स्पेक्ट्रम प्रमाण मानावा.

मग वहीत तारीख, हवामान, दोन्ही टोकांचा संकेत, गोंगाटाची पातळी, चॅनेल, रुंदी, शक्ती आणि दोन्ही दिशांचा वेग लिहावा. डिशच्या पट्टीवर आणि खांबावर मिळून एक आडवी रेघ ऑइलपेंटने ओढावी. पुढे कबुतरांनी, वाऱ्याने किंवा गच्ची धुणाऱ्याने डिश हलवली, तर ती रेघ तुटलेली दिसते. हीच नोंद मेअखेरीस, पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्टमध्ये आणि दिवाळीनंतर पुन्हा घ्यावी. ऑगस्टचा आकडा मेच्या आकड्यापेक्षा पाच डेसिबलने घसरला असेल आणि दिवाळीनंतर तो परत आला नसेल, तर झाडाकडे नंतर पाहावे, आधी वरच्या जोडणीचे झाकण उघडावे. बहुधा आत पाणी असते.